हद्द सायबाची, खाडी आमची

तेरेखोल नदीच्या मुखाशी नकाशा वाचणारा माणूस हमखास गोंधळतो. सातार्ड्याच्या खाली उत्तरेला महाराष्ट्र आणि दक्षिणेला गोवा अशी नदीने सरळ वाटणी करून दिलेली आहे. समुद्र जवळ आल्यावर मात्र उत्तरेकडचा डोंगर, त्यावरचा किल्ला आणि पायथ्याची मोजकी घरं गोव्याची निघतात. तेरेखोल गावच्या माणसाला महाराष्ट्रातल्या रेडीला जायचं तर तो चालत जाऊ शकतो. त्याचा तालुका मात्र पेडणे. तिकडे सरळ जायचं तर आधी फेरीबोटीत बसून नदी ओलांडावी लागते.

हा घोळ १७४६ सालचा. किल्ला मुळात सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांचा. त्या वर्षी पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेदा याने तो घेतला. त्याच वर्षी त्याने हळर्णचा किल्लाही जिंकला, आणि त्या कामगिरीबद्दल त्याला ‘मार्केस द आलोर्ना’ असा किताब मिळाला. आलोर्ना म्हणजे हळर्ण. पेडण्यातल्या एका खेड्याचं नाव असं लिस्बनच्या सरदारांच्या यादीत जाऊन बसलं. दक्षिण तीरावरचं पेडणे पोर्तुगीजांच्या ताब्यात गेलं ते १७८८ मध्ये. तिथून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, सुमारे पावणेदोनशे वर्षं, या पाण्याच्या एका काठावर एक राज्य आणि दुसऱ्या काठावर सातासमुद्रापलीकडच्या सत्तेचा अंमल. आजच्या सिंधुदुर्गातल्या माणसाचा सर्वांत जवळचा परदेश होडीच्या एका फेरीवर होता.

तो परदेश आता उरलेला नाही. तरी रोज सकाळी डबा घेऊन तिकडे कामाला जाणाऱ्यांना हद्द अजून भेटते. ती नेमकी कुठे भेटते हे बघावं म्हणून मालवणहून एका दिवसाचा फेरा आखला. समुद्रकाठाने खाली जायचं, फेरीने नदी ओलांडायची, पलीकडच्या काठाने वर यायचं, पुलावरून परत फिरायचं आणि बांद्यावरून घर गाठायचं.

मालवण ते रेडी

मालवण सोडून दक्षिणेकडे निघालं की पहिली आडवी येते ती कर्ली. देवबागच्या संगमाकडे पर्यटकांच्या होड्यांनी गजबजलेली ही नदी नेरूरपारच्या पुलाखाली आपल्याच तंद्रीत वाहत असते. पलीकडे परुळे, आणि माळावर चिपीचा विमानतळ. तो ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. त्यानंतर सव्वा वर्षाच्या आत, ५ जानेवारी २०२३ पासून, तेरेखोलपलीकडे मोप्याचा विमानतळ उडू लागला. मालवणचा चाकरमानी आता तिकीट काढताना दोन्हीकडचे दर बघतो. सोयीचं विमान मोप्याला उतरणारं असेल तर गणपतीला घरी येताना तो आधी गोव्यात उतरतो.

वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांची वखार होती. गोव्याच्या पोर्तुगीजांना शह द्यायला त्यांना हेच बंदर सोयीचं वाटलं. पुढे शिरोडा. इथल्या मिठागरांवर १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला. सांगलीकडून आलेले वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं याच गावात शिक्षक होते. मराठीतल्या पहिल्या ज्ञानपीठविजेत्याचं लेखन पोटापाण्यासाठी गाठलेल्या या गावात वाढलं. परमुलखातली नोकरी ही कोकणात कुणाला नवलाची गोष्ट वाटत नाही. इथल्या घरटी एकजण बाहेर असतोच, आणि बाहेरचाही कुणीतरी इथे येऊन रुजलेला असतो.

रेडीला पोचलो की रस्त्याची धूळ लाल होते. लोहखनिजाच्या खाणींचं हे गाव. खाणीतच १९७६ मध्ये सापडलेल्या द्विभुज गणपतीच्या दर्शनाला गाड्यांची रांग लागलेली असते. त्यातले बरेचजण तिथूनच मागे फिरतात. पुढचा चढ चढून गेलं की रस्त्याकडेची पाटी बदलते आणि पायाखाली गोवा येतो. नदी न ओलांडता गोव्यात शिरण्याचा हा अनुभव विचित्र आहे. दुकानावरची पाटी मराठी, माड तसेच, उंबरठ्यावर बसलेल्या बाईचं बोलणंही रेडीसारखंच.

किल्ला आणि फेरी

तेरेखोलचा किल्ला आकाराने लहान आहे. सिंधुदुर्ग पाहिलेल्या मालवणकराला त्याची तटबंदी बघून ‘एवढाच?’ असं वाटतं. पण तटावर उभं राहिलं की त्याची किंमत कळते. समोर केरीचा वाळूचा दांडा, उजवीकडे उघडा समुद्र, डावीकडे आत वळत गेलेली खाडी. या तोंडातून आत जाणारं प्रत्येक तारू इथल्या तोफेच्या टप्प्यात येत होतं. आत सेंट अँथनीचं चर्च आहे. गोवामुक्तीनंतर किल्ल्यात हॉटेलही झालं.

या तटावर १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तिरंगा लावला. किल्ला फार वेळ त्यांच्या हाती राहिला नाही. ते पकडले गेले आणि तुरुंगात पडले. पुढच्या वर्षी याच दिवशी गोव्याच्या सगळ्या सीमांवरून हजारो सत्याग्रही आत शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. त्या दिवशी वीसहून अधिक माणसं गेली. तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी पडले. पनवेलच्या एका शिक्षकाने इथे येऊन प्राण दिले, आणि आज त्या तटाकडे पाठ करून पर्यटक समुद्राचे फोटो काढतात. यात त्यांची चूक म्हणता येत नाही. हद्दच दिसेनाशी झाल्यावर तिच्यासाठी कुणी जीव दिला हे आठवायला कारण कुठून मिळणार?

खाली धक्क्यावर फेरीबोट केरीकडून परतत होती. पुढची फळी खाली पडली, मोटारसायकली खडखडत उतरल्या, मग आम्ही चढलो. मासळीची पाटी घेतलेली बाई, कॉलेजची मुलं, भाड्याच्या स्कूटरवरचं दिल्लीकडचं जोडपं, आणि कठड्याला टेकलेले एक आजोबा. त्यांनी विचारलं, “तुमी खंयचे?”

“मालवणचो.”

“मगे हंय कित्याक?”

“खाडी बघूक.”

ते हसले. “खाडयेत काय बघतलास? पाणी भरता नि सुकता.”

पोर्तुगीजांच्या काळाबद्दल विचारलं तर ते राजकारणावर बोलले नाहीत, आईबद्दल बोलले. आई पलीकडच्या पालयेची, बाप अलीकडचा. “तेवा तिकडे पाखले हुते. म्हणान काय लग्नां रवलीं? हद्द सायबाची, खाडी आमची.”

पाखले म्हणजे गोरे पोर्तुगीज शिपाई. आजोबांच्या बोलण्यात त्यांच्याबद्दल राग कमी आणि त्यांना चुकवल्याचा आनंद जास्त होता. भरतीच्या वेळी, काळोखात, कुठल्या खाजणाच्या तोंडातून होडी आत घालायची हे दोन्ही काठांवरच्या माणसांना ठाऊक असायचं. पाण्याचं वेळापत्रक शिपायांच्या पहाऱ्यापेक्षा त्यांना चांगलं पाठ होतं.

पलीकडची नोकरी

विसाव्या शतकाच्या मध्यावर या पाण्यावरून माणसं का जात होती? नातेवाईक आणि देव ही दोन कारणं जुनीच. दोन्ही काठांवर सातेरी, रवळनाथ, माउली हीच दैवतं. पेडण्याची पुनव दोन्हीकडच्या लोकांची. दशावताराच्या पेटाऱ्याला तर हद्द कधी आडवी आलीच नाही.

तिसरं कारण पोटाचं. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्यात लोहखनिजाचा धंदा वाढला आणि खाणींना, बंदरांना हात हवे झाले. मराठी शाळांना मास्तर हवे होते. सांगलीचे मोहन रानडे १९५० मध्ये असेच मराठी शिक्षक म्हणून गोव्यात गेले. शिकवता शिकवता ते आझाद गोमंतक दलात सामील झाले आणि १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये जखमी अवस्थेत पकडले गेले. त्यांची सुटका झाली १९६९ मध्ये, तीही लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगातून. गोवा मुक्त होऊन तेव्हा सात वर्षं उलटली होती.

चौथं कारण मालाचं. गोव्यात परदेशी मालावर जकात कमी होती. घड्याळं, रेडिओ, कापड, दारू, सोनं या काठावर येताच महाग होत असे. त्या फरकावर अनेकांची चूल पेटली. त्याला आपण चोरटा व्यापार म्हणतो. काठावरची माणसं त्याला नुसतं ‘माल’ म्हणत.

१९५५ च्या गोळीबारानंतर भारत सरकारने गोव्यातली आपली वकिलात बंद केली आणि सीमा आवळली. नाकेबंदी पोर्तुगीजांसाठी होती, पण पहिला फास काठावरच्या माणसाला बसला. माहेर पलीकडे असलेल्या बाईला परवान्याशिवाय माहेर उरलं नाही. पलीकडे मिळवलेला पैसा अलीकडे आणणं कठीण झालं. त्यातच १९५८ मध्ये पोर्तुगीजांनी तिथल्या रुपयाच्या जागी एस्कुदो आणला. तोवर दोन्हीकडच्या नाण्याचं नाव तरी एक होतं. नंतर तेही तुटलं.

डिसेंबर १९६१ मध्ये लष्कराची एक तुकडी उत्तरेकडून दोडामार्गमार्गे गोव्यात उतरली. दोन दिवसांत सगळं आटोपलं. पुढे १६ जानेवारी १९६७ ला गोवेकरांना विचारलं गेलं, महाराष्ट्रात यायचं की वेगळं राहायचं? विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली आणि फुलाला १,३८,१७०. पण तेरेखोलच्या दक्षिण काठावरच्या पेडण्यात फूल जिंकलं. तिथल्या बहुसंख्य लोकांना नदीची हद्द नको होती. ३४,०२१ मतांच्या फरकाने ती राहिली. ३० मे १९८७ ला गोवा घटकराज्य झालं आणि ती कायमची झाली.

ऱ्हाईनकाठचा एक दिवस

जर्मनीत नोकरीला असताना एका सुट्टीच्या दिवशी मी अशीच एक हद्दीची नदी, ऱ्हाईन, बघायला गेलो होतो. सोबतच्या सहकाऱ्यांना किल्ले आणि द्राक्षमळे बघायचे होते. मला केल आणि स्ट्रासबर्गमधला पूल बघायचा होता. ऱ्हाईन सुमारे १,२३० किलोमीटर लांब, आल्प्समधून निघून उत्तर समुद्राला मिळणारी. या पट्ट्यात पूर्व काठ जर्मनीचा आणि पश्चिम काठ फ्रान्सचा. पश्चिमेकडच्या अल्सास प्रांताने १८७१ ते १९४५ या काळात चार वेळा मालक बदलला. एकाच घरातल्या आजोबाने आणि नातवाने वेगवेगळ्या गणवेशात लढावं असा तो मुलूख.

आज त्या पुलावरून ट्राम जाते. स्ट्रासबर्गची ही ट्राम २०१७ मध्ये नदी ओलांडून केलपर्यंत नेली. सकाळी फ्रेंच माणसं तिने जर्मनीत कामाला येतात, संध्याकाळी घरी जातात. फ्रान्समध्ये तंबाखू महाग, म्हणून केलमध्ये थांब्याच्या आसपास तंबाखूची दुकानं ओळीने उभी आहेत. ती बघून मला गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या बाजूची दारूची दुकानं आठवली आणि युरोपबद्दलचा माझा निम्मा धाक तिथेच ओसरला. माणूस सगळीकडे सारखाच, स्वस्त ते पलीकडून आणणारा.

फरक पुढे आहे. फ्रान्समध्ये राहून जर्मनीत काम करणाऱ्याचा आरोग्यविमा जर्मनीत भरला जातो, आणि त्याच्या बळावर तो दोन्ही देशांत उपचार घेऊ शकतो. काठ ओलांडून कामाला जाणारा माणूस हा कायद्याने ओळखलेला वर्ग आहे. नदीचंही तसंच. ऱ्हाईनवरच्या नौकानयनाचा मध्यवर्ती आयोग १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत ठरला आणि तो आजही स्ट्रासबर्गमध्ये बसतो. मधल्या काळात एकमेकांची गावं जाळलेल्या देशांनी ही व्यवस्था मोडू दिली नाही.

मार्च २०२० मध्ये मात्र तिथेही सीमा बंद झाली आणि पुलावरची ट्राम थांबली. तेव्हा मी मालवणात होतो. बातमी वाचली आणि पहिला विचार तेरेखोलकाठच्या आरोंद्याचा आला, कारण तिथेही तेच झालं होतं.

किरणपाणीचा पूल

केरीहून पालयेमार्गे किरणपाणीला आलं की समोर आरोंदा. मध्ये पूल. पुलाच्या दोन्ही अंगांना खाडी पसरट होते, कडेने कांदळवन, मागे शेतं आणि बांध. ओहोटीला बायका चिखलात उतरून तिसऱ्या वेचतात. शेवटे, तांबोशी, चोणक आणि कुर्ल्या या खाडीने दोन्ही काठांना सारख्याच वाटल्या आहेत. बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की नुकसानही दोन्हीकडे सारखंच. पंचनामा मात्र वेगळा. अलीकडचा तलाठी सावंतवाडी तालुक्याचा, पलीकडचा पेडण्याचा.

पुलाच्या टोकाशी मोटारसायकल थांबवून एक तरुण फोनवर बोलत होता. पाठीवर सॅक, हँडलला डबा. सध्या मोप्याला कंत्राटी कामाला आहे म्हणाला. त्याआधी हरमलच्या एका हॉटेलात होता. टाळेबंदीचं विचारलं तेव्हा त्याने मानेनेच पाण्याकडे दाखवलं. “दोन म्हयने पलीकडचे माड नुसते बघलंय.”

मार्च २०२० मध्ये गोव्याच्या सीमा बंद झाल्या तेव्हा रोज ये-जा करणाऱ्यांची वाट एका रात्रीत तुटली. मग पास आले, परवानग्या आल्या. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गोव्यात शिरायला चाचणीचा निगेटिव्ह दाखला लागू लागला. साथ मोठी होती, बंदी घालणाऱ्यांचंही काही चुकलं असं म्हणता येणार नाही. पण आजोबांच्या आईला १९५५ नंतर जो अनुभव आला, तोच या पोराला २०२० मध्ये आला. फक्त पाखल्यांच्या जागी आपलेच पोलीस होते, आणि आता भरतीच्या वेळी होडी घालण्याची विद्या त्याच्याकडे नव्हती.

या टापूत महाराष्ट्र आणि गोवा यांना जोडणं सोपं कधीच नव्हतं. कोकण रेल्वे मुंबईकडून आणि गोव्याकडून बांधत आणली तेव्हा शेवटचा अडथळा पेडण्याचा बोगदा ठरला. लांबी जेमतेम दीड किलोमीटर, पण मऊ, पाणथळ मातीने इंजिनियरांना रडवलं. अखेर २६ जानेवारी १९९८ ला मार्ग पुरा झाला. ऑगस्ट २०२० मध्ये याच बोगद्याची भिंत काही भागात ढासळली आणि गाड्या दुसऱ्या वाटेने वळवाव्या लागल्या. सीमा बंद, बोगदा बंद, असं तेव्हाचं एकूण चित्र.

दवाखान्याची खिडकी

आरोंद्याहून सातार्डा, मडुरा, मग बांदा. पावसाळ्यात तेरेखोल चढली की बांद्याच्या बाजारपेठेत पाणी शिरतं. व्यापारी माल वरच्या फळीवर चढवून ठेवतात. इथून महामार्गाने पत्रादेवी अगदी जवळ. तिथे १५ ऑगस्ट १९५५ ला मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय हातात तिरंगा घेऊन पुढे झाल्या आणि त्यांना गोळी लागली. त्यांना वाचवायला पंजाबचा कर्नैलसिंग बेनिपाल हा तरुण पुढे आला आणि तिथेच पडला. त्याचं स्मारक आज रस्त्यालगत आहे. त्यासमोरून सायरन वाजवत रुग्णवाहिका जातात. बहुतेक सिंधुदुर्गाच्या असतात आणि बांबोळीच्या रुग्णालयाकडे निघालेल्या असतात.

आमच्याकडे ‘गोव्याक व्हेलो’ असं कुणाबद्दल कानावर आलं की घरातले पुढचं विचारत नाहीत. दुखणं मोठं आहे हे त्यातच कळतं. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचं मूळ म्हणजे १८४२ मध्ये पोर्तुगीजांनी पणजीत काढलेली वैद्यकीय शाळा. परक्या राज्यकर्त्याने आपल्या सोयीसाठी काढलेली संस्था आज मालवण, कुडाळ, दोडामार्गच्या अपघातग्रस्तांचा आधार आहे. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं ते अगदी अलीकडे, २०२१ च्या सुमारास.

२०१८ च्या सुरुवातीला गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं. गोव्याच्या बाजूने त्याचं कारण समजतं. तिथल्या करदात्याच्या पैशावर चालणारं रुग्णालय बाहेरच्या रुग्णांनी भरून जात होतं. पण दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले. त्या आंदोलनात ‘आमचा तालुका गोव्यातच घ्या’ अशीही मागणी निघाली. १९६७ मध्ये पेडण्याला इकडे यायचं होतं, अर्ध्या शतकानंतर दोडामार्ग तिकडे जायला निघालं. दोन्ही वेळा माणसांचं म्हणणं एकच होतं. आम्ही जिथे कमावतो, खरेदी करतो, लग्नं लावतो आणि आजारी पडल्यावर जातो, ते गाव आमच्या कागदावर का नाही?

राज्यांच्या सीमा पुसून टाकाव्यात असं मी म्हणत नाही. गोव्याने आपलं वेगळेपण मतपेटीतून मिळवलेलं आहे, त्याचा मान राखायलाच हवा. पण दोन सरकारं एकत्र बसून पाणी वाटू शकतात, हे तिळारी धरणाने दाखवलं आहे. तो प्रकल्प दोघांचा, खर्च दोघांचा, कालवे दोघांचे. पाण्याच्या वाटपासाठी जे जमलं ते माणसांसाठी का जमू नये? रोज हद्द ओलांडून कामाला जाणाऱ्याची एक नोंद, तिच्या आधारे दोन्हीकडे चालणारं आरोग्यकार्ड, आणि पुढची साथ आली तर नाक्यावर त्याला सोडायचं की नाही याचा आधीच ठरलेला नियम. यातल्या एकाही गोष्टीला नवा पूल किंवा नवा विमानतळ लागत नाही. ऱ्हाईनकाठी दोन वेगळ्या देशांनी हे करून दाखवलं. इथे तर देश एकच आहे.

घरी परतताना इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडी बाजूला घेतली. हवालदाराने डिकी उघडायला सांगितली, बॅटरीचा झोत आत फिरवला, पिशवी चाचपली. आत आरोंद्याच्या बाजारातली सुकी मासळी होती. “गोव्यातून काय आणलं?” त्याने विचारलं. काहीच नाही म्हटल्यावर त्याने हाताने जा म्हणून खुणावलं. आमच्या मागे कामावरून सुटलेल्यांच्या मोटारसायकली एकामागून एक येत होत्या. बाटल्यांचा हिशोब ठेवायला या हद्दीवर नाका आहे, रजिस्टर आहे, शिक्का आहे. त्या मोटारसायकलींवरच्या पोरांसाठीही एक रजिस्टर उघडलं, तर १९६१ साली अर्धं राहिलेलं काम पुढे सरकेल.